बोरॉन कुटुंबाचे गुणधर्म न घोकता कसे समजून घ्यावेत: नवख्यांसाठी पायरीपायरीने

आवर्तसारणीतला गण १३ म्हणजे बोरॉन, ॲल्युमिनिअम, गॅलिअम, इंडिअम, थॅलिअम आणि शेपटाला निहोनिअम. गण १ किंवा गण १७ शिकून जो इथे येतो, त्याची पहिली अडचण ठरलेली असते. तिथे 'वरून खाली गेलं की हे वाढतं, ते कमी होतं' एवढ्यावर निभावतं. इथे त्रिज्या मध्येच अडखळते, आयनन ऊर्जा (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) खाली-वर होते आणि द्रवणांकाचा तर कशाशीच मेळ बसत नाही. मग बहुतेक जण 'अपवाद' अशी वेगळी यादी करून ती घोकतात. प्रश्न सरळ आला तर यादी कामाला येते, जरा फिरवून आला की विस्कटते.

माझं म्हणणं असं, की ही यादी करूच नका. दोन कारणं पक्की झाली की यातल्या बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात. पहिलं कारण बोरॉनचं: हा अणू फार लहान आणि त्याला इलेक्ट्रॉनांचा कायम तोटा. दुसरं गॅलिअमपासून पुढचं: बाहेरच्या कवचाच्या आत डी आणि नंतर एफ इलेक्ट्रॉन येऊन बसतात, आणि ते केंद्रकाची ओढ नीट अडवत नाहीत. पुढे जे काही येईल ते यांपैकी कुठल्या कारणातून निघतं, हे प्रत्येक वेळी स्वतःला विचारत चला.

सोबत काय घ्यायचं

- एस, पी, डी, एफ खंड वेगळे दाखवणारी आवर्तसारणी
- गुणधर्मांच्या आकड्यांचा तक्ता, सगळे आकडे एकाच पुस्तकातले
- गण २ आणि गण १४ मधल्या पहिल्या दोन मूलद्रव्यांचे आकडे, तुलनेसाठी
- आलेख कागद, पेन्सिल, खोडरबर
- प्रयोगशाळेत जाणार असाल तर गॉगल आणि हातमोजे

१. संरूपण (इलेक्ट्रॉनांची मांडणी) लिहा, पण आतल्या गाभ्यासकट

'बाहेर तीन इलेक्ट्रॉन, दोन एसमध्ये आणि एक पीमध्ये' एवढं लिहून लोक पुढे जातात. ते बरोबरच आहे, पण गोम आतल्या कवचांत आहे. कागदावर असं उतरवा:

- बोरॉन (५): आत हेलिअमचा गाभा
- ॲल्युमिनिअम (१३): आत निऑनचा गाभा
- गॅलिअम (३१): अर्गॉनचा गाभा, वर १० डी इलेक्ट्रॉन
- इंडिअम (४९): क्रिप्टॉनचा गाभा, वर १० डी इलेक्ट्रॉन
- थॅलिअम (८१): झेनॉनचा गाभा, वर १४ एफ आणि १० डी इलेक्ट्रॉन

पहिल्या दोघांत गाभ्यावर काहीच नाही. गॅलिअमपाशी एकदम दहा जण येतात आणि थॅलिअमपाशी आणखी चौदा. या दोन जागांवर लाल पेनने खूण करा. पुढे आलेख जिथे जिथे वाकडा जाईल, तो नेमका याच जागी जाईल.

निहोनिअम (११३) इथेच बाजूला ठेवू. ते जपानमधल्या रिकेन संस्थेत तयार झालं आणि त्याचं नाव २०१६ मध्ये पक्कं झालं. त्याचे अणू काही सेकंदांत विघटित होतात, त्यामुळे त्याच्या गुणधर्मांबद्दल जे वाचाल ते मुख्यतः गणिताने काढलेलं असतं.

२. आकड्यांचा तक्ता स्वतःच्या हाताने भरा

छापील तक्ता नुसता पाहिला तर डोळ्यांखालून निसटतो. हाताने लिहिताना मात्र कुठे काहीतरी विचित्र आहे ते जाणवतं. सुरुवातीला एवढे आकडे पुरतात (द्रवणांक अंश सेल्सिअसमध्ये, घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये, पहिली आयनन ऊर्जा किलोज्यूल प्रति मोलमध्ये):

- बोरॉन: द्रवणांक सुमारे २०७६, घनता सुमारे २.३५, आयनन ऊर्जा ८०१
- ॲल्युमिनिअम: ६६०, २.७०, ५७७
- गॅलिअम: २९.८, ५.९१, ५७९
- इंडिअम: १५६.६, ७.३१, ५५८
- थॅलिअम: ३०४, ११.८५, ५८९

घनता तेवढी शहाण्यासारखी वाढत जाते. बाकी दोन रकान्यांत गोंधळ आहे.

इथे दोन सापळे आहेत. पहिला तापमानाचा: काही पुस्तकं केल्विन वापरतात, काही सेल्सिअस. गॅलिअमचा द्रवणांक ३०३ असा दिसला तर दचकू नका, तो केल्विनमध्ये आहे. दुसरा सापळा जास्त फसवा आहे. अणुत्रिज्या एकाच प्रकारची नसते. धातूतल्या अंतरावरून काढलेली धात्विक त्रिज्या घेतली तर ॲल्युमिनिअम १४३ पिकोमीटर आणि गॅलिअम १३५, म्हणजे गॅलिअम चक्क लहान. सहसंयुज त्रिज्या घेतली तर दोघेही १२१-१२२ च्या आसपास, जवळजवळ सारखेच. दोन पुस्तकांतून अर्धे-अर्धे आकडे उचलले तर तक्त्याला काही अर्थच राहत नाही.

३. त्रिज्या: गॅलिअमपाशी थांबून विचार करा

नियमाप्रमाणे खाली जाताना एक कवच वाढतं, म्हणून अणू मोठा व्हायला हवा. बोरॉनहून ॲल्युमिनिअम खूपच मोठा होतोही. मग गॅलिअमला काय झालं?

ॲल्युमिनिअमच्या केंद्रकात १३ प्रोटॉन, गॅलिअमच्या केंद्रकात ३१. अठरा प्रोटॉन वाढले आणि त्यांची ओढ अडवायला अठरा इलेक्ट्रॉनही वाढले. पण त्यातले दहा डी ऑर्बिटलमध्ये आहेत. एस इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जवळपर्यंत जातो, म्हणून तो ओढ चांगली अडवतो. पी त्याहून कमी, डी आणखी कमी आणि एफ सगळ्यांत कमी. डी इलेक्ट्रॉनांचा थर म्हणजे विरळ विणीचा पडदा, उजेड बराचसा आरपार जातो. परिणामी गॅलिअमच्या बाहेरच्या तीन इलेक्ट्रॉनांना केंद्रकाची ओढ अपेक्षेपेक्षा जास्त जाणवते आणि ते आत खेचले जातात. कवच वाढल्यामुळे जे मिळालं ते या ओढीने परत घेतलं.

इंडिअमपासून थॅलिअमकडे जाताना हेच पुन्हा होतं. या वेळी चौदा एफ इलेक्ट्रॉनांमुळे. धात्विक त्रिज्या १६७ वरून जेमतेम १७० होते.

४. आयनन ऊर्जेचा आलेख काढा

आडव्या अक्षावर पाच मूलद्रव्यं, उभ्या अक्षावर पहिली आयनन ऊर्जा. बोरॉनपासून ॲल्युमिनिअमपर्यंत मोठी उतरण, मग गॅलिअमपाशी रेष जवळपास सपाट, इंडिअमपाशी थोडी खाली आणि थॅलिअमपाशी पुन्हा वर. लाल खुणा कुठे केल्या होत्या ते पाहा.

आता याच कागदावर दुसरा आलेख काढा. हा फारसा कोणी काढत नाही आणि मला वाटतं, या कुटुंबाबद्दल सगळ्यांत जास्त तोच सांगतो. तिन्ही इलेक्ट्रॉन काढायला लागणारी एकूण ऊर्जा, म्हणजे पहिल्या तीन आयनन ऊर्जांची बेरीज मांडा:

- बोरॉन सुमारे ६८८७
- ॲल्युमिनिअम सुमारे ५१३९
- गॅलिअम सुमारे ५५२१
- इंडिअम सुमारे ५०८३
- थॅलिअम सुमारे ५४३८

रेष करवतीच्या दात्यांसारखी वर-खाली होते. पहिलाच आकडा बघा. बोरॉनचा +३ आयन मोकळा का सापडत नाही याचं उत्तर तिथेच आहे. एवढी ऊर्जा जालकातून (आयनांच्या स्फटिक रचनेतून) किंवा जलयोजनातून (आयनाभोवती पाणी जमण्यातून) परत मिळत नाही, म्हणून बोरॉन इलेक्ट्रॉन देऊन टाकण्याऐवजी वाटून घेतो आणि त्याची संयुगं सहसंयुज होतात. इंडिअमचा आकडाही लक्षात ठेवा, सहाव्या पायरीला तो लागेल.

शेजारच्या गण २ शी तुलना करायची ती इथेच. बेरिलिअमची पहिली आयनन ऊर्जा ८९९, बोरॉनची ८०१. मॅग्नेशिअमची ७३८, ॲल्युमिनिअमची ५७७. डावीकडून उजवीकडे ऊर्जा वाढायला हवी, इथे घटते. कारण गण २ मध्ये भरलेल्या एस ऑर्बिटलमधून इलेक्ट्रॉन काढावा लागतो, गण १३ मध्ये पीमधला एकटा इलेक्ट्रॉन निघतो आणि तो सोपा जातो.

५. द्रवणांक समजायचा तर स्फटिक पाहा

द्रवणांक हा एकट्या अणूचा गुणधर्म नाही, अणू एकमेकांना कसे धरून आहेत याचा आहे. म्हणून इथे संरूपणावरून अंदाज बांधायला गेलात तर फसाल.

बोरॉनमध्ये बारा-बारा अणूंचे वीसमुखी पिंजरे असतात आणि ते एकमेकांना मजबूत सहसंयुज बंधांनी जोडलेले असतात. म्हणून तो कठीण आणि वितळायला दोन हजारांच्या वर. ॲल्युमिनिअम साध्या धातूसारखा दाटीवाटीने रचलेला. गॅलिअमची तऱ्हा वेगळी: त्याच्या स्थायूरूपात प्रत्येक अणूला एकच शेजारी अगदी जवळ असतो, बाकीचे जरा लांब. अशा जोड्याजोड्यांची रचना मोडायला फार उष्णता लागत नाही. तळहातावर ठेवलेला तुकडा आधी कडांना चकचकीत होतो, मग हळूहळू पाऱ्यासारखा गोळा होऊन घरंगळू लागतो. उकळायला मात्र त्याला सुमारे २४०० अंश लागतात, कारण द्रवातला धात्विक बंध काही लेचापेचा नाही. आणि गोठताना पाण्यासारखाच हा प्रसरण पावतो, म्हणून तो काचेच्या गच्च बंद बाटलीत ठेवत नाहीत.

गॅलिअमचा इतिहासही थोडा माहीत असावा. मेंडेलीव्हने १८७१ मध्ये ॲल्युमिनिअमखालची रिकामी जागा दाखवून तिथल्या मूलद्रव्याची घनता सुमारे ५.९ असेल असं सांगितलं होतं. १८७५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लकॉक द ब्वाबोद्रां यांना ते (म्हणजेच गॅलिअम) सापडलं, पण त्यांनी मोजलेली घनता आली ४.७. नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा, असं मेंडेलीव्हने कळवलं. पुन्हा मोजली तेव्हा ५.९ च आली.

६. ऑक्सिडेशन अवस्था: +३ कुठे सुटतो ते शोधा

बोरॉन आणि ॲल्युमिनिअम यांची नेहमीची संयुगं +३ ची. गॅलिअम, इंडिअममध्ये +१ दिसू लागते आणि थॅलिअममध्ये तीच जास्त स्थिर ठरते. याला निष्क्रिय जोडी परिणाम म्हणतात. एसमधली जोडी बंधात भाग घ्यायला नाखूश.

'एस इलेक्ट्रॉन घट्ट धरलेले असतात म्हणून' एवढं कारण सगळीकडे दिलेलं असतं. ते अर्धंच आहे. चौथ्या पायरीतला इंडिअमचा आकडा काढा: ५०८३, म्हणजे ॲल्युमिनिअमपेक्षाही कमी. इलेक्ट्रॉन काढणं सोपं असूनही इंडिअम +१ का दाखवतो? कारण हिशेबाची दुसरी बाजू. अणू मोठा झाला की त्याचे बंध कमजोर होतात. दोन जादा इलेक्ट्रॉन बंधात गुंतवायला जी ऊर्जा खर्च होते, ती दोन जादा बंधांतून पुरती वसूल होत नाही. थॅलिअममध्ये दोन्ही बाजूंनी मार बसतो, खर्च जास्त आणि वसुली कमी.

यातून थॅलिअमचं रसायन वाचता येतं. थॅलिअम +३ पासून +१ होण्याचा विभव (इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ दाखवणारा आकडा) सुमारे +१.२५ व्होल्ट आहे, म्हणजे +३ चा आयन जबर ऑक्सिडीकारक. +१ चा हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळणारा आणि तीव्र आम्लारी, अगदी अल्कली धातूंच्या वळणावर जाणारा. विभवाचा आकडा घेताना तो कोणत्या बदलाचा आहे ते बघा: +३ पासून थेट धातूपर्यंतचा विभव वेगळा, सुमारे +०.७२ व्होल्ट आहे. या दोघांची अदलाबदल सर्रास होते.

आता सूत्रावरून फसवणारी दोन संयुगं. थॅलिअम ट्रायआयोडाइडमध्ये तीन आयोडीन आहेत म्हणून थॅलिअम +३ समजू नका. तिथे थॅलिअम +१ आहे आणि तीन आयोडीन मिळून एक ऋण प्रभार असलेला ट्रायआयोडाइड आयन बनवतात. ऑक्सिडीकारक +३ थॅलिअम आणि सहज ऑक्सिडीकरण होणारा आयोडाइड एकत्र नांदणार कसे? दुसरं, गॅलिअम डायक्लोराइड. सूत्रावरून गॅलिअम +२ वाटतो, पण मग एक इलेक्ट्रॉन एकटा राहून पदार्थ चुंबकाकडे ओढला जायला हवा. तसं होत नाही. त्यात अर्धे गॅलिअम +१ चे आणि अर्धे चार क्लोरीननी वेढलेले +३ चे असतात.

७. बोरॉनसाठी वेगळं पान करा

कुटुंबात हा एकच अधातूकडे झुकलेला, आणि वागायला गण १४ मधल्या तिरक्या शेजाऱ्याला, सिलिकॉनला, जास्त जवळचा. दोघांचे क्लोराइड पाण्यात झटकन विघटित होतात, दोघांचे ऑक्साइड काच बनवतात.

बोरॉनकडे तीन संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणून तीन बंध. बंधांत मिळून सहाच इलेक्ट्रॉन आणि एक पी ऑर्बिटल रिकामं. त्या रिकाम्या जागेभोवतीच बोरॉनचं बरंचसं रसायन फिरतं.

बोरिक आम्लाचं सूत्र बघून त्यात तीन हायड्रोजन दिसतात, म्हणून लोक ते त्रिआम्लिक समजतात. ते एकआम्लिक आहे, आणि स्वतःचा प्रोटॉन ते देतच नाही. पाण्याकडून हायड्रॉक्साइड घेतं, बोरॉनभोवती चार हायड्रॉक्साइड होतात आणि मागे राहिलेला प्रोटॉन पाणी उचलतं. म्हणून ते लुईस आम्ल, म्हणजे इलेक्ट्रॉनांची जोडी स्वीकारणारं. पीकेए (आम्लाच्या तीव्रतेचा आकडा, जितका मोठा तितकं आम्ल सौम्य) सुमारे ९.२, म्हणजे फारच सौम्य. सोडिअम हायड्रॉक्साइडने थेट अनुमापन करून पाहा, फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा गुलाबी रंग एका थेंबात उमटत नाही, हळूहळू चढत जातो आणि अंतिम बिंदू कुठे धरायचा तेच कळत नाही. त्यात मॅनिटॉल किंवा ग्लिसरॉल घातलं की ते बोरेटला वेढून बसतं, आम्ल जास्त तीव्रतेने वागतं आणि रंग ठसठशीत बदलतो.

बोरॉन ट्रायहॅलाइडमध्येही असाच चकवा आहे. फ्लोरीन सर्वांत जास्त इलेक्ट्रॉन ओढतो, तेव्हा ट्रायफ्लोराइड सर्वांत तीव्र लुईस आम्ल असेल असं वाटतं. क्रम उलटा आहे: फ्लोराइड सर्वांत सौम्य, मग क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड. फ्लोरीनचं भरलेलं पी ऑर्बिटल आणि बोरॉनचं रिकामं पी ऑर्बिटल एकाच मापाचे, त्यामुळे फ्लोरीन आपली जोडी काही प्रमाणात परत देऊन रिकामी जागा झाकतो. मोठ्या हॅलोजनांना ते तितकं साधत नाही.

डायबोरेन नीट काढायला वेळ द्या. दोन बोरॉन, सहा हायड्रोजन, एकूण बारा संयुजा इलेक्ट्रॉन. इथेनसारखी रचना काढायला गेलात तर सात बंध लागतात, म्हणजे चौदा इलेक्ट्रॉन. दोन कमी पडतात. खरी रचना अशी: चार हायड्रोजन टोकांना साध्या बंधांनी, त्यात आठ इलेक्ट्रॉन संपले. उरलेले दोन हायड्रोजन दोन्ही बोरॉनांच्या मध्ये पूल म्हणून, एक बाकीच्या अणूंच्या प्रतलाच्या वर, एक खाली. प्रत्येक पुलात तीन अणू मिळून दोनच इलेक्ट्रॉन वाटून घेतात. पुलातलं बोरॉन-हायड्रोजन अंतर सुमारे १३३ पिकोमीटर आणि टोकाचं सुमारे ११९. बंध पातळ झाला की लांब होतो, हे इथे आकड्यांत दिसतं. बोरेनांच्या रचनेवरच्या कामासाठी विल्यम लिप्सकम यांना १९७६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

८. ऑक्साइड आणि ॲल्युमिनिअमचं दुहेरी वागणं

ऑक्साइडांचा क्रम सरळ आहे: बोरॉनचा आम्लधर्मी, ॲल्युमिनिअम व गॅलिअमचे उभयधर्मी (आम्ल आणि आम्लारी दोघांशीही क्रिया करणारे), इंडिअम व थॅलिअमचे आम्लारिधर्मी.

उभयधर्मी म्हणजे काय ते परीक्षानळीत पाहण्यासारखं आहे. ॲल्युमिनिअमच्या क्षाराच्या द्रावणात सोडिअम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने टाका. आधी पांढरा, जेलीसारखा अवक्षेप येतो. टाकत राहा, तो विरघळून द्रावण पुन्हा स्वच्छ होतं. घाईत एकदम ओतलंत तर मधली पायरी दिसतच नाही आणि 'काहीच झालं नाही' असं नोंदवलं जातं.

ॲल्युमिनिअम इतका क्रियाशील असून हवेत टिकतो तो पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या पातळ, चिवट थरामुळे. संहत नायट्रिक आम्लही याच थरामुळे त्याला फारसं खात नाही. त्याचा निर्जल क्लोराइड वाफेत जोडीजोडीने असतो, क्लोरीन पुलासारखे. पाण्यात गेला की सहा पाण्याचे रेणू ॲल्युमिनिअमला घेरतात आणि द्रावण आम्लधर्मी होतं.

९. हाताळण्याआधी

थॅलिअम आणि त्याचे क्षार हाताळायच्या भानगडीत नवख्याने पडूच नये. त्याचा +१ आयन आकाराने पोटॅशिअमच्या आयनाजवळचा, त्यामुळे शरीर त्याला पोटॅशिअम समजून पेशींत घेतं. त्याचं विष अत्यंत घातक आहे. डायबोरेन हवेत पेट घेतो आणि तोही विषारी, त्याची ओळख कागदावरच ठेवा. गॅलिअम त्या मानाने निरुपद्रवी, पण ॲल्युमिनिअमच्या कुठल्याही वस्तूजवळ नेऊ नका. तो धातूच्या कणांच्या सीमांमधून आत शिरतो आणि भक्कम दिसणारी वस्तू बोटांनी मोडेल इतकी ठिसूळ होते. निर्जल ॲल्युमिनिअम क्लोराइडवर पाणी टाकायचं नाही, हायड्रोजन क्लोराइडचे धूर निघतात.

सुरुवातीला करून पाहण्याजोगा प्रयोग म्हणजे टाकणखार (बोरॅक्स, बोरॉनचा एक क्षार) मणी परीक्षा. प्लॅटिनमच्या तारेचं टोक वळवून त्यावर टाकणखार घ्या आणि ज्योतीत धरा. पाणी निघून जाताना तो फुगतो, मग बसतो आणि काचेसारखा पारदर्शक मणी होतो. गरम मणी कोबाल्टच्या क्षाराला अगदी हलकेच टेकवा आणि पुन्हा तापवा, मणी गडद निळा होतो. क्षार जास्त घेतला तर तो काळा दिसतो आणि रंग ओळखू येत नाही.

१०. समजलं का, ते तपासा

पुस्तक मिटून या तीन प्रश्नांची उत्तरं लिहा.

- इंडिअम आणि थॅलिअम यांच्या धात्विक त्रिज्येत फरक इतका कमी का? (तिसरी पायरी)
- बोरिक आम्लाचं अनुमापन ग्लिसरॉलशिवाय का बिघडतं? (सातवी)
- ॲल्युमिनिअम सहा फ्लोराइडांना धरतो, बोरॉन चारावरच का थांबतो?

तिसऱ्याचं उत्तर वर थेट दिलेलं नाही. बोरॉनच्या बाहेरच्या कवचात एक एस आणि तीन पी अशी चारच ऑर्बिटलं आहेत, दुसऱ्या कवचात डी नसतातच. शिवाय इतक्या लहान अणूभोवती सहा फ्लोरीन मावतही नाहीत. पाठ्यपुस्तकं पहिल्या कारणावर भर देतात, परीक्षेत ते आधी लिहा आणि दुसरं त्याला जोडा.